फाटकापाशी विसावा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डाळिंबाची छाटणी. पुस महिना होता. गावातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मजूर मिळेना, म्हणून आम्ही दोघं म्हातारीच बागेत उतरलो. मी कापायचो, ती कात्री बुडवायची. कात्र्या दोन होत्या. एक माझ्या हातात, एक तिच्या बकेटीत. बकेटीत जंतू मारायची दवा कालवलेली. एक झाड झालं की मी हातातली कात्री तिला द्यायची, तिनं बकेटीतली ओली मला द्यायची. मी पुढचं झाड कापीस्तोवर पहिली दवेत बुडून राहायची. तोंडानं काही बोलावं लागत नव्हतं. मी हात मागं केला की कात्री हातात यायची.

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहायची सवय नाही. पण तेरावा होऊन गेला, पोरगा पुण्याला परत गेला, आणि घरात बोलायला माणूस राहिलं नाही. भ्या तेवढं राहिलंय. ते कुणाला सांगावं, म्हणून लिहितो.

भ्या तेल्याचं. ज्याच्या घरी डाळिंब नाही त्याला तेल्या ठाऊक नसतो. पानावर आधी तेलाचा थेंब सांडावा तसा डाग पडतो. मग फळावर काळा डाग, मग त्या डागातून फळ तडकतं आणि झाडावरच सडतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला काहीही चालतं. पावसाचं पाणी, कात्री, पाटी, माणसाचं धोतर, पायाचा चिखल. एकदा बागेत शिरला की निघत नाही.

माझ्या मेव्हण्याच्या बागेत शिरला. मेव्हणा म्हणजे माझ्या मंडळीच्या पाठचा भाऊ, नेकनूरच्या अंगाला त्याची शेती. दोन पावसाळ्यांत अर्धी बाग त्यानं ट्रॅक्टर लावून उपटली, अर्धी तशीच उभी ठेवली, आशेवर. ही तेव्हा एका बारशाला माहेरी गेलती. बांधाला सडक्या फळांचा ढीग बघून आली. घरी आली ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. बाहेर चुलवण पेटवलं, अंगावरचं लुगडं त्यात उकळलं, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि मग मला म्हणाली, "आवो, झाडालाबी इटाळ होतो. आपल्या बागंत आता कुणाचा पाय नगं."

मी हसलो. पण ती ऐकणारी नव्हती. आमची वस्ती शेतातच, रस्त्याला लागून. घराच्या मागं तारेचं कुंपण, कुंपणाला लोखंडी फाटक, फाटकाच्या आत साडेतीनशे झाडं. तिनं फाटकाच्या तोंडाशी जमिनीत सिमेंटचं उथळ कुंड करून घेतलं, घोटा बुडंल एवढं. त्यात ब्लिचिंग पावडरचं पाणी. जो आत जाईल त्यानं चप्पल बाहेर काढायची, कुंडात पाय बुडवायचे, मग जायचं. दुसऱ्याची फवारणीची टाकी आत येणार नाही. व्यापारी आला तर त्याच्या पाट्या बाहेर, आमच्या पाट्या आत. आठ दिवसांनी पाणी बदलायचं. गावानं आमच्या बागेचं नाव सोवळ्याची बाग ठेवलं. पारावर बसलेले मला विचारायचे, "काय बे, आज पाय धुऊन निजला का तसाच?"

मतं मागायला एक पुढारी आला होता, पांढऱ्या बुटात. त्याला बाग बघायची होती, संगं फोटो काढणारा. ही फाटकात आडवी उभी. म्हणाली, "सायेब, मत तुमालाच देते, पन बूट काढा." त्यानं कुंडाकडं बघितलं, बुटाकडं बघितलं, आणि रस्त्यावरूनच बाग लई चांगली आहे म्हणाला.

पुढाऱ्याचं सोडा. सख्ख्या भावालाही तिनं सोडलं नाही. गेल्या दिवाळीनंतर मेव्हणा मोटरसायकलवर पाटी बांधून आला. उभ्या राहिलेल्या अर्ध्या बागेत जी काही फळं धरली होती त्यातली चांगली चांगली निवडून वानवळा आणला होता. शेतात जे पिकलं त्यातलं पहिलं बहिणीच्या घरी द्यावं, ही आमच्याकडची रीतच. ही रस्त्यावर गेली, आणि पाटी खाली उतरू दिली नाही.

"भाऊ, जेवून जा. पन ही पाटी माघारी ने."

"आक्का, वानवळा हाय. वानवळा कुनी माघारी देतं का?"

"बाटलेला हाय त्यो."

"तुजा भाऊबी बाटलाय का मग?"

तो पाणी न पिता गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. ती चुलीपुढं बसून रडली, पण पाटीला बोट लावलं नाही. मला तेव्हा ती लई कठीण काळजाची वाटली.

आता त्या झाडाचं सांगतो. छाटणीच्या महिनाभर आधी ती रोजच्यासारखी पानं बघत फिरत होती. पान तोडून उन्हाकडं धरायची, एक डोळा झाकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पानावरचं तिला वाचता यायचं. चौथ्या ओळीत मधल्या एका झाडाचं पान तिनं मला आणून दाखवलं. मला काहीच दिसेना, माझे डोळे अधू झालेत.

"हे झाड उपटा," ती म्हणाली.

"येका पानासाठी? फवाऱ्याचा चट्टा असंल."

"चट्टा आसा कडंनं पिवळा नसतो."

"फळाला आलेलं झाड कुनी उपटतं का? येडी का काय."

तिनं आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून त्या झाडाला बांधली. ठरलं असं की ते झाड छाटणीत वगळायचं, सगळ्यात शेवटी कापायचं, आणि त्यानंतर दोन्ही कात्र्या उकळायच्या. हे मी कबूल केलं होतं. माझ्या तोंडानं.

छाटणीच्या त्या दिवशी चौथ्या ओळीत आम्ही अर्ध्यात आलो तेव्हा ती म्हणाली, "जरा बसते. छातीत जळजळ व्हायलीय." सकाळी भाकरीसंगं ठेचा खाल्ला होता, मला वाटलं त्याचंच. ती बकेट ओळीतच ठेवून बांधाला जाऊन बसली. मी एकटाच कापत राहिलो, झाड झालं की मागं जाऊन कात्री बदलून यायचो. चिंधीचं झाड आलं तेव्हा बकेट तीसेक पावलं मागं राहिली होती. त्याची एक फांदी वाळून ओळीत आडवी आलेली. मला पुढं जाता येईना. मी ती कापली. मग आणखी दोन बारक्या कापल्या. कात्री बुडवायला तीस पावलं जायचं, तीस पावलं यायचं. माझे गुडघे दुखत होते. मी गेलो नाही. तीच कात्री घेऊन पुढच्या झाडाला लागलो.

तिनं लांबून हाक मारली, "कात्री बुडवली का?"

मी म्हणालो, "बुडवली."

दुसरी कात्री मागं बकेटीतच बुडालेली होती. बांधाकडून झाडांच्या आड तिला काही दिसणार नव्हतं. मी खोटं बोललो आणि ओळ संपवली. चिंधीच्या पुढं नऊ झाडं होती. ती नऊही मी त्याच कात्रीनं कापली.

ओळ संपवून आलो तर ती आडवी झाली होती. घामानं चिंब. डोळे उघडे होते, पण जीभ जड झालेली. शेजाऱ्याची जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत रस्त्यातच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लाज वाटते सांगायला, पण खोटं लिहून आता काय करायचं. माघारी येताना, ती मांडीवर गार पडलेली असताना, माझ्या मनात कात्री आली. नऊ झाडांचे काप उघडे पडलेत, अजून मलम लावलेलं नाही, आणि आभाळ भरून यायला लागलंय. मी माझ्या मनाला शिव्या दिल्या. तरी मन तिथंच. रडू येण्याच्या आधी मला भ्या आलं.

घरी माणसं जमली. पोरगा पुण्याहून निघाला, दुपार कलायच्या आत पोचला. सवाष्ण गेली होती, म्हणून माहेरचं लुगडं यायला हवं होतं. ते घेऊन मेव्हणा आला, हिरवं लुगडं, घडी मोडलेली नाही. कुणाकडं बघितलं नाही. लुगडं बायकांच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून बसला. त्याच्या पायाकडं माझी नजर गेली. चपलांना वाळलेला चिखल होता. शेतातून निरोप मिळाला तसाच उठून आला होता.

आमच्या घरातली माणसं शेतातच जाळतात. माझे आईबाप बागेच्या पलीकडं, विहिरीच्या अंगाला गेले. वाट बागेच्या मधूनच जाते, चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधून. दुसरी वाट ओढ्यानं वळसा घालून, पण तिथं दगड आणि बाभळी, तिरडी घेऊन चालता येत नाही. तिरडी बांधत होते तेव्हा मी अंगणातली माणसं बघत होतो. शंभरावर असतील. अर्ध्यांच्या घरी डाळिंब. कुणाच्या बागेत तेल्या आहे आणि कुणाच्या नाही, कुणी सांगत नाही, फळाला भाव मिळत नाही म्हणून. एवढे पाय माझ्या बागेतून जाणार होते, आणि लगतच्याच ओळीत ताजे काप. मी उठून फाटकाकडं धावलो. लोकांना वाटलं दुःखानं. एकानं मला धरून खाली बसवलं.

मी पोराला बाजूला घेतलं. "सगळ्यांनी पाय बुडवून आत जायचं," म्हणालो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आण्णा, आज? लोक काय म्हनतील? आई गेलीय आपली."

"तिचीच बाग हाय."

"माती झाल्यावर पाय धुत्यात, आण्णा. आदी कुनी धुतं का?"

मला त्याचं पटत होतं. तरी मला ते करायचंच होतं. भ्यालेल्या माणसाला लाज नसते, हे मी त्या दिवशी माझ्यावरूनच शिकलो.

तिरडी उचलली. आमच्याकडं अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. पुढचे मागं होतात, मागचे पुढं, आणि मग परत उचलतात. आमची वाट आखूड, म्हणून विसावा कायम विहिरीच्या अलीकडं, बागेच्या आत व्हायचा. फाटकापाशी आलो तसा मी पुढं झालो आणि म्हणालो, "विसावा हितंच करा."

"हितं कावून?" भावकीतला एक जण म्हणाला. "आजून घर बी सुटलं न्हाई."

"हितंच."

तिरडी खाली ठेवली. मी कुंडाच्या कडेला उभा राहिलो आणि हात जोडले. "चपला भाईर ठिवा. ह्यात पाय बुडवून आत चला. तिचा नेम हुता." कुणीच हललं नाही. मागं कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पोरानं मान खाली घातली.

मेव्हणा गर्दीतून पुढं आला. माझ्यापुढं येऊन थांबला.

"दाजी, माजेबी पाय का?"

मला वाटलं आता हा मला मारणार. मी म्हणालो, "व्हय पाव्हनं. तुमचे आदी."

"जिती हुती तवा फळाला फाटक बंद. मेल्यावर मला?"

तो तिरडीकडं बघत उभा राहिला. हिरव्या लुगड्याचा काठ वाऱ्यानं हलत होता. मग त्यानं चपला काढल्या, धोतर वर खोचलं, आणि कुंडात उतरला. नुसता बुडवून निघाला नाही. वाकून बोटांच्या बेचक्यांतला चिखल हातानं काढला, दोन्ही पायांचा. बाहेर आला आणि कुंडाच्या पलीकडं वळून उभा राहिला.

"काय बघता बे?" तो गर्दीवर ओरडला. "माज्या बागंचा उकिरडा झाला तवा बघाया आलता का न्हाई सगळे? बुडवा पाय. आक्का सोडायची न्हाई, तुमाला म्हाईत हाय ती."

एक म्हातारा हसला. त्या हसण्यानं लोक सैल झाले. एकेक जण चपला काढून कुंडात उतरला. खांदेकरी चौघं उतरले. पोरगा उतरला, त्यानं मडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि पाय बुडवले. शंभर माणसं जायला लई वेळ लागला. तेवढा वेळ ती फाटकापाशी जमिनीवर होती. एवढा मोठा विसावा आमच्या गावात कुणाचा झाला नसंल.

चिता पेटली. पोरानं केलं जे करायचं ते. आभाळातून चार थेंब पडले आणि थांबले. लोक म्हणाले, बरं झालं, थांबला. त्यांना चितेची काळजी, मला कापांची. चार थेंबसुद्धा तेल्याला पुरतात.

लोक गेल्यावर, दिवस मावळायच्या आत, मी आणि मेव्हणा विहिरीच्या काठावर बसलो. त्याच्यापुढं मला राहवेना. मी सगळं सांगितलं. चिंधी, फांदी, तीस पावलं, आणि मी तिला बुडवली म्हणून सांगितलं ते.

मला वाटलं हा आता शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या.

"किती झाडं?" त्यानं विचारलं.

"चिंधीचं येक. त्याच्या फुडं नऊ."

"चिंधीचं उद्या सकाळी मुळासकट काढा. जाळा. नऊ झाडांच्या कापावर बोर्डोचं मलम लावा, येक काप सोडू नका. आन फांद्यांचे डोळे फुटून पालवी येईस्तोवर त्या ओळीत कुनी जायचं न्हाई."

"तेवढ्यानं थांबंल?"

"मला काय म्हाईत, दाजी. म्या तर येका झाडासाठी थांबलो. म्हनलं फळ निघू द्या, मग काढू." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आक्कानं पाटी माघारी दिली तवा लई राग आलता. घरी जाऊन पाटी ओतली. तळाची दोन फळं तडकलेली हुती. वरनं चांगली दिसायची. हे तिला सांगायला यायचं यायचं म्हनत ऱ्हायलो."

मग तो रडला. मीही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी टिकाव आणि कुऱ्हाड काढली. भावकीतली एक म्हातारी सोबतीला घरात निजली होती. ती दारात आली.

"आरं, सुतक हाय. धा दिवस झाडाला हात लावू नगं. इटाळ हुतो."

"झाडालाच झालाय इटाळ, काकी," मी म्हणालो, आणि निघालो. ती मागं काहीबाही बोलत राहिली.

रात्रीत आभाळ मोकळं झालं होतं, वारा सुटला होता. चिंधीचं झाड काढायला मला सूर्य कासराभर वर येईस्तोवर लागलं. मुळं खोल गेलेली. रात्री मुक्कामाला राहिलेला मेव्हणा उठून मदतीला आला, पण मी त्याला ओळीत येऊ दिलं नाही. त्यानं बांधावरूनच मोरचूद आणि चुना कालवून ते बोर्डोचं मलम केलं आणि ओळीच्या तोंडाशी आणून ठेवलं. मी खड्ड्यातच फांद्या तोडून टाकल्या, वर वाळलेलं गवत घातलं आणि काडी लावली. ताण दिलेलं, म्हणजे छाटणीआधी पाणी तोडलेलं झाड, पानं पिवळी, सुटायला आलेली. लगेच पेटलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि खड्ड्यातून पानं उडाली. चार-पाच तिथंच पडली, ती मी उचलून आगीत टाकली. एक मात्र वर गेलं, गिरकी खात, आणि तिसऱ्या ओळीकडं चाललं. मी कुऱ्हाड टाकून त्याच्या मागं पळालो. माझं वय पळायचं नाही. ढेकळात अडखळलो, गुडघ्यावर पडलो, उठलो. पान एका झाडाखाली जाऊन बसलं. मी पोचलो तर त्या झाडाखाली त्याची स्वतःची पिवळी पानं सडा घातल्यासारखी पडलेली. सगळी सारखीच. मी एक उचललं, तिच्यासारखं उन्हाकडं धरलं, एक डोळा झाकला. काही दिसलं नाही. दुसरं धरलं. काही दिसलं नाही.

मेव्हणा बांधावरून ओरडत होता, "दाजी, कुटलं हाय ते?"

मला कळत नव्हतं. मी धोतराचा सोगा पसरला आणि त्या झाडाखालची सगळी पानं वेचायला बसलो.